सायझिंगच्या सिलिंडरचे ट्रॅप: बदलायचे, दुरुस्त करायचे की बायपास उघडा ठेवून देवाचं नाव घ्यायचं?

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहायलोय. कामापुरता मामा म्हणा हवं तर.

इचलकरंजीत आमच्या काकांचं सायझिंग आहे. गेल्या दिवाळीपासून ते माझ्या गळ्यात आलं. शिकलो मी कॉम्प्युटर, त्यामुळं वाफेचं ज्ञान चहाच्या कपापुरतं. ज्यांना सायझिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागावर ताणा चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. ओला ताणा मग वाफेनं तापलेल्या मोठ्या पोकळ सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. आमचं मशीन नऊ सिलिंडरचं, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं. सिलिंडरना साधारण ३ किलो प्रेशर देतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो.

आता तक्रारी. पांढरा कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या ब्रिकेट, पूर्वीपेक्षा किती तरी जास्त लागतो. ३ नंबरचा सिलिंडर कोमटच राहतो, त्यामुळं मशीन हळू चालवावं लागतं. सकाळी वाफ सोडली की १ नंबरकडून असे ठोके येतात की वॉचमन उठून बसतो. आणि नऊच्या नऊ ट्रॅपचे बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रॅपला वळसा घालणाऱ्या नळीचे, थोडे थोडे उघडे आहेत. बंद करू म्हटलं तर फिटर म्हणतो, "नको मालक, सिलिंडर गार पडतोय. काकांपासून असंच आहे." मागच्या गटारीतून दिवसभर वाफ निघते. शेजारचे विचारतात, तुमच्यात रोज लग्नाचं जेवण असतंय काय?

फिटरचा सल्ला: सगळे ट्रॅप काढा, नवे टीडी (ट्रॅपचीच एक जात) टाका. नऊ नगांचा आकडा ऐकून मी पाणी प्यायलो. खरंच बदलावेत का? की उघडून साफ करून भागेल?

टवाळखोर
धाग्यावर धाग्याचा धागा. मी पहिला.

स्वयंपाकघर_संशोधक
ट्रॅप म्हणजे नक्की काय करतो हो? पाईपात सापळा कशाला लावतात?

वाफारा
@स्वयंपाकघर_संशोधक, चांगला प्रश्न, आणि कारखान्यातल्या निम्म्या लोकांनीही तो विचारायला हवा. वाफ सिलिंडरच्या आतल्या भिंतीला लागते, उष्णता देते आणि तिचं पाणी होतं. ते पाणी बाहेर काढलंच पाहिजे, नाहीतर सिलिंडर भरतो. पण पाण्याला दार उघडलं की त्याच दारातून वाफही पळते. ट्रॅप म्हणजे त्या दारातला राखणदार. पाणी जाऊ दे, हवा जाऊ दे, वाफेला आत ठेव, एवढंच त्याचं काम. वाफेची खरी किंमत तिच्या सुप्त उष्णतेत असते. ३ किलोच्या दाबाला दर किलो वाफेत साधारण ५१० किलोकॅलरी, आणि ती पाणी होतानाच मिळते. पाणी न होता निघून गेलेली वाफ म्हणजे न फोडताच वाहून गेलेला नारळ.

ताणाबाणा, तुमचे आत्ताचे ट्रॅप कुठल्या जातीचे आहेत? फोटो नसेल तर आकार सांगा. मुठीएवढा, वर षटकोनी टोपी असलेला, की डब्यासारखा मोठा?

जुना_फिटर
साखर कारखान्यात ३४ वर्षं मेंटेनन्सला काढली, त्या अधिकारात बोलतो. फिटरचं ऐकून लगेच काही विकत घेऊ नकोस बाळा. ट्रॅप हा घरातल्या सुनेसारखा. काहीही बिघडलं की आळ त्याच्यावर. पहिल्यांदा गाळणी बघ. प्रत्येक ट्रॅपच्या आधी वाय आकाराचा स्ट्रेनर असेल, त्याची जाळी शेवटची कधी काढली होती विचार. उत्तर येणार नाही.

स्वयंपाकघर_संशोधक
सुनेवरून उदाहरण नको काका. पण मुद्दा पोचला.

जुना_फिटर
बरं, जावयासारखा म्हणतो. नाही, ते जुळत नाही. जावयावर आळ कोण घेतंय.

पंचगंगाकाठ
माझं पण सायझिंग हाय, गावातच. फिटर काय चुकीचं बोलंना. बायपास जरा उघडा ठेवला की मशीन कसं मख्खन चालतंय. आमी वीस वर्षं असंच चालवायलोय. ट्रॅप बिप पुस्तकातलं. पार्टी दारात थांबलेली असती, बीम आजच पायजे म्हणून बोंबलत असती, तवा तुमी ट्रॅप उघडून बसणार व्हय? कोळसा जातोय तर जाऊ दे, माल येळंवर जातोय का नाही ते बगा.

वाफारा
@पंचगंगाकाठ, दादा, वेळेचा मुद्दा मान्य. पण हिशेब करून बघू.

३ मिलिमीटरच्या भोकातून ३ किलो दाबाची वाफ मोकळी सुटली तर तासाला १० ते १५ किलो जाते. थोडा उघडा बायपास म्हणजे असंच एक भोक, बहुधा त्याहून मोठंच. नऊ बायपास, २० तासांची पाळी: १८०० ते २७०० किलो वाफ. त्यातून पाणीही जात असतं, म्हणून निम्मीच धरा. एक किलो ब्रिकेटला चार किलो वाफ पकडली तरी दिवसाला पाव टनाच्या आसपास इंधन गटारीत. तुमच्याकडच्या भावानं गुणा आणि महिन्याचा आकडा पार्टीला दाखवा.

पंचगंगाकाठ
आकडा बगून चा गार झाला. तरी पण बंद केला की सिलिंडर गार पडतोय हे खरं हाय. ते का पडतोय ते सांगा की मग.

ताणाबाणा
@वाफारा, मुठीएवढे, वर षटकोनी टोपी. आतून टिक टिक आवाज येतो. फक्त ९ नंबरचा वेगळा आहे, डब्यासारखा, गंजलेला, अंगावर बाण.

वाफारा
मग गोष्ट उलगडली बहुतेक. @पंचगंगाकाठ, तुमचंही उत्तर यातच आहे.

मुठीएवढे ते टीडी, म्हणजे थर्मोडायनॅमिक. आत एक चकती असते. पाणी आलं की उचलली जाते. वाफ आली की तिच्या वेगानं चकतीखालचा दाब पडतो, वर अडकलेली वाफ ती खाली दाबते, दार बंद. ती वरची वाफ थंड झाली की पुन्हा उघडते. म्हणून टिक टिक. मजबूत, स्वस्त, उघड्यावर टिकणारा. मुख्य वाफनळीच्या पाणी काढण्याच्या जागी उत्तम.

पण फिरत्या सिलिंडरला तो चालत नाही. सिलिंडरमधलं पाणी तळाशी साचतं आणि ते बाहेर काढायला आत वाकडी नळी असते, सायफन. तिचं तोंड तळाजवळ आणि वाट रोटरी जॉइंटमधून (फिरता सिलिंडर आणि स्थिर नळी जोडणारा सांधा), म्हणजे पाणी वर चढून बाहेर येतं. ती नळीही गरमच असते. तिच्यात एकदा वाफ शिरली की पुढं ट्रॅपपर्यंत वाफच वाफ, ट्रॅप इमानदारीत दार लावतो, आणि मागं सिलिंडरमध्ये पाणी साचत राहतं. याला म्हणतात स्टीम लॉक. बायपास उघडला की अडकलेली वाफ सुटते, पाणी येतं, सिलिंडर तापतो. तुमच्या फिटरनं बायपास उघडून बरोबर इलाज केला, फक्त त्याची किंमत मोजली नाही.

अशा जागी हवा बॉल फ्लोट ट्रॅप, आणि त्यातही स्टीम लॉक रिलीज असलेला. त्यात एक सुईसारखा बारीक व्हॉल्व्ह असतो, तो किंचित उघडा ठेवायचा. अडकलेली वाफ तेवढ्या फटीतून जाते. बायपासचंच काम, पण थेंबाच्या हिशेबानं. ९ नंबरचा डबा मूळ मशीनबरोबरचा फ्लोट असणार. बाकीचे आठ कुणीतरी कधीतरी स्वस्तात टीडीवर बदलले.

जुना_फिटर
वाफारांशी सहमत. मालकानं काटकसर केली, ती कोळशानं वसूल केली.

मुक्ता_दूरदेशी
अवांतर आहे, पण ठोक्यांबद्दल वाचून राहवलं नाही. बॉस्टनमध्ये आमची इमारत शंभर वर्षांची. तळघरात बॉयलर, प्रत्येक खोलीत लोखंडी रेडिएटर, आणि त्याला एकच नळी. त्याच नळीतून वाफ वर येते आणि त्याच नळीतून पाणी परत उतरतं. पहिल्या हिवाळ्यात खोली फार तापते म्हणून मी नळ अर्धा बंद केला. रात्री दोन वाजता कुणीतरी घणानं नळी ठोकतंय असा आवाज! वरच्या आजी खाली आल्या.

सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, म्हणाला, एका नळीच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेव नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवलास तर उतरणारं पाणी आणि चढणारी वाफ दारात एकमेकांना भिडतात. मग त्यानं रेडिएटरच्या लांबच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवला, म्हणजे उतार व्हॉल्व्हकडे झाला. शांतता. पन्नास सेंटचा तुकडा.

टवाळखोर
न्यूयॉर्कच्या रस्त्यावर नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या नळकांड्यातून धूर निघताना दिसतो, तीच भानगड का? मला इतके दिवस वाटायचं खाली मेट्रोवाले भजी तळतात.

मुक्ता_दूरदेशी
:) धूर नाही, वाफ. मॅनहॅटनला रस्त्याखालून इमारतींना वाफ पुरवतात, १८८२ पासून. पावसाचं किंवा गळतीचं पाणी त्या गरम नळ्यांवर पडलं की वाफ होते. लोकांच्या तोंडावर येऊ नये म्हणून ती उंच नळकांड्यातून वर सोडतात.

जुना_फिटर
ताईंच्या लाकडाच्या तुकड्यात १ नंबरच्या ठोक्यांचं उत्तर आहे. वाफेच्या नळीत पाणी बसलेलं असताना वाफ आली की ती पाण्याचा गोळा करून बंदुकीच्या गोळीसारखा पुढं फेकते. समोर एल्बो किंवा व्हॉल्व्ह आला की ठोका. कास्ट आयर्नचा व्हॉल्व्ह असेल तर फुटतोसुद्धा.

ताणाबाणा, रात्री बॉयलर बंद झाल्यावर हेडरमधल्या, म्हणजे सिलिंडरना वाफ वाटणाऱ्या मुख्य नळीतल्या, वाफेचं पाणी होऊन तिथंच बसतं. सकाळी काय करायचं: हेडरच्या टोकाचा ड्रेन आधी पूर्ण उघड. मग मेन व्हॉल्व्ह चाकाचा पाव फेरा, बास. उभं राहून ऐक. ड्रेनमधून पाणी संपून कोरडी वाफ यायला लागली की मगच पुढं. दहा-पंधरा मिनिटं जातात. तुझा ऑपरेटर चहाच्या घाईत चाक एकदम फिरवत असणार, पैज लाव.

आणखी एक. १ नंबरवर सगळ्यात ओला ताणा पहिल्यांदा येतो, तिथं पाणी सगळ्यात जास्त होतं. त्याचा ट्रॅप बाकीच्यांपेक्षा मोठ्या क्षमतेचा हवा. सगळीकडे एकच माप लावणं म्हणजे पैलवानाला आणि पोराला एकच सदरा.

शब्दवेडा
ट्रॅपला मराठीत काय म्हणावं? 'बाष्पसापळा' सुचतो. सरकारनं बॉयलरला 'बाष्पक' केलंच आहे. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय नावाचं खातं आहे.

टवाळखोर
बाष्पके हा शब्द मी दिवाळीच्या फराळात खाल्लाय. वरून तीळ लावतात.

पंचगंगाकाठ
आमच्यात त्याला टिरॅप म्हंत्यात. बाष्पसापळा मागितला तर दुकानदार उंदराचा पिंजरा देईल.

निर्जंतुक
मी मुंबईत रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात आहे. आमच्याकडचा जुना ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र, हे तुमच्या सिलिंडरचंच भावंड. फरक इतका की तुमचा ट्रॅप बिघडला तर ताणा ओला राहतो, आमचा बिघडला तर शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक होत नाहीत.

वरच्या चर्चेत सगळे पाण्यावर बोलले, हवेवर कुणीच नाही. १२१ अंशाला १५ मिनिटं किंवा १३४ ला ३ मिनिटं असं आमचं चक्र असतं. आत हवा राहिली तर प्रेशरचा काटा बरोबर जागेवर दिसतो, पण तापमान चढत नाही. म्हणून रोज सकाळी आधी हवा नीट निघते का याची चाचणी, मग काम. आमच्या ड्रेनच्या ट्रॅपमध्ये बंद लवचीक डबी असते, तिच्यात पाण्यापेक्षा थोडं लवकर उकळणारं द्रव. हवा किंवा पाणी आलं की ती आकसते आणि दार उघडतं, वाफ आली की फुगून बंद. एकदा सर्जिकलच्या कापडाचे तंतू तिथं अडकले होते आणि आम्ही दोन दिवस प्रेशर गेजला शिव्या घालत होतो.

स्वयंपाकघर_संशोधक
अय्या! म्हणजे कुकरला चांगली वाफ यायला लागल्यावरच शिट्टी ठेव असं आई ओरडायची, ते हवेसाठी?

निर्जंतुक
अगदी तेच. आधी हवा जाऊ द्यायची, मग वजन ठेवायचं. तुमच्या आईंना आमच्या विभागात घ्यायला हवं.

वाफारा
@निर्जंतुक, सुटलेला मुद्दा. आकड्यात सांगतो. ३ किलो गेजला शुद्ध वाफ १४४ अंशाच्या आसपास. त्यात चौथा हिस्सा हवा मिसळलेली असेल तर काटा तोच, पण तापमान १३३-१३४. शिवाय हवेचा पातळ थर भिंतीला चिकटून गोधडीसारखं काम करतो. टीडी ट्रॅप सुरुवातीला हवा जोरात आली की तिलाही वाफ समजून दार लावतो. फ्लोटमध्ये हवा काढायला वेगळा थर्मोस्टॅटिक व्हेंट असतो.

खवा_बर्फी
आमचं दुधाचं काम आहे, बासुंदी आणि खवा. वाफेच्या दुहेरी तळाच्या कढया. माझा अनुभव उलटा आहे: टीडी दुरुस्त होतो आणि फार छान होतो. फेकू नका. टोपी खोला, चकती काढा. चकतीवर आणि बसण्याच्या जागेवर रेघोट्या असतील तर सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर बारीक लॅपिंग पेस्ट घेऊन आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासा. गोल गोल फिरवलं तर कडा झिजतात. परत बसवताना खाचा असलेली बाजू खाली. आमच्या पोरानं एकदा उलटी बसवली आणि ट्रॅप सतत वाहायला लागला.

वाफारा
@खवा_बर्फी, दुरुस्तीबद्दल +१. पण आधी खराब आहे का ते ठरवा. गटारीत वाफ दिसते म्हणजे ट्रॅप गळतो असं नाही. ३ किलोच्या दाबाचं पाणी उघड्यावर आलं की त्याचा ८ टक्के भाग आपोआप वाफ होतो. शंभर किलो पाण्यातून आठ किलो वाफ, आणि तिला जागा लागते तेरा-चौदा घनमीटर, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीचा निम्मा भाग. गटार भरून जाणारच.

ओळखायचं असं: तोंडापासूनच पांढरी, आळशी, वर वर तरंगत जाणारी वाफ दिसली तर ती पाण्यातली. तोंडाजवळ दोन-चार बोटं काहीच दिसत नाही, मग पुढं जोरात पांढरा झोत, तर ती खरी. त्या न दिसणाऱ्या भागात हात घालू नका.

जुना_फिटर
आणि आवाज. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला, टोक ट्रॅपवर. टीडी चांगला असेल तर टिक, थांब, टिक. मशीनगनसारखा किर्रर्र असेल तर चकती गेली. एकदम गप्प आणि गार असेल तर जाळी तुंबलीय किंवा आधीचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करून विसरलाय. फ्लोटचा आवाज वाहत्या नळासारखा सलग, त्यात टिकटिक नसते. तापमानाच्या बंदुकीवर विसंबू नका, ट्रॅपच्या पुढं-मागं गळती असो-नसो फरक थोडाच दिसतो.

आता ३ नंबर. एक फुकटातली युक्ती. ३ चा ट्रॅप काढून ५ ला लाव, ५ चा ३ ला. दुसऱ्या दिवशी ५ गार पडला तर ट्रॅप वाईट. ३ च गार राहिला तर दुखणं आतलं, सायफन नळी तुटून पडली असेल किंवा रोटरी जॉइंट गेला असेल.

उघडण्याआधी दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, मधला दाब सोडून दे, हाताला सोसेल इतकं गार होऊ दे. आमच्याकडे एका पोरानं फक्त वाफेकडचा व्हॉल्व्ह बंद करून टोपी ढिली केली होती. पाणी परत नेणाऱ्या रिटर्न लाइनमधून उलटा झोत आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. तेव्हापासून दोन्ही बाजू बंद केल्याशिवाय मी कुणाला पाना देत नव्हतो.

पंचगंगाकाठ
ह्ये खरं हाय. आमच्यात पण असंच झालतं. तवापास्नं नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बशीवलाय, उलटं काय येऊ देत न्हाई.

निर्जंतुक
ताणाबाणा, एक विचारू? तुमच्या सिलिंडरना व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे आत पोकळी झाली की हवा आत घेणारे छोटे व्हॉल्व्ह, आहेत ना? बंद झाल्यावर आतल्या वाफेचं पाणी झालं की पोकळी होते. आमच्या जुन्या यंत्राचा दरवाजा एकदा याच कारणानं उघडत नव्हता.

ताणाबाणा
बघून सांगतो. १ ते ४ वर छोटे पितळी काहीतरी आहेत. बाकीच्यांवर प्लग मारलेत.

जुना_फिटर
प्लग??

अरे बाबा, ते आधी. ट्रॅप नंतर. वाफ गेली, पाणी झालं, आत पोकळी, आणि बाहेरून हवेचा दाब दर चौरस मीटरला दहा टन. पत्र्याचा सिलिंडर आतल्या दाबासाठी केलेला असतो, बाहेरच्या दाबाला तो पत्र्याच्या डब्यासारखा चेपतो. तो ब्रेकर कधीतरी गळायला लागला असेल, म्हणून कुणीतरी काढून प्लग मारला. उद्या पहिलं काम हेच.

वाफारा
+१००. शिवाय बायपास सगळे बंद कराल तेव्हा हा धोका वाढतो, कारण आत्तापर्यंत उघड्या बायपासातून हवा आत येत होती आणि तुमचे सिलिंडर वाचत होते.

पंचगंगाकाठ
बगा, बायपास वाचवत होता म्हणजे!

टवाळखोर
पंचगंगाकाठ १, बाकी सगळे ०.

शब्दवेडा
धाग्यात यंत्रमागाचा विषय निघालाच आहे तर: इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, विठ्ठलराव दातारांनी आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्यानं. त्या काळी खळीला घरोघरी 'पाजण' म्हणत का, हे कुणा जुन्या विणकराला विचारायचं आहे.

पंचगंगाकाठ
आजी म्हणायची पाजण. हातमागाच्या टायमाला ब्रशानं पाजण करायची रस्त्यावर ताणा पसरून. आता खळच म्हंत्यात.

खवा_बर्फी
परत विषयावर. व्हॉल्व्हबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे वाफ कमी-जास्त करायला गेट व्हॉल्व्ह वापरायचे, अर्धा उघडा ठेवून. सहा महिन्यांत बसण्याच्या जागेवर दाढीच्या ब्लेडनं मारल्यासारखे चरे. अर्ध्या उघड्या फटीतून ओली वाफ वेगानं गेली की धातू कापते. गेट फक्त उघड-बंदला, कमी-जास्तला ग्लोब. ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती दोरी भरलेल्या जागेतून, गळत असेल तर आधी नट सारखा सारखा आवळू नका, दांडा जाम होतो. जुनी दोरी पूर्ण काढून ग्रॅफाइटची नवी घाला, प्रत्येक वेढ्याचा सांधा वेगळ्या बाजूला. आणि जुन्या मशीनमध्ये पांढरी कडक ग्लँड दोरी निघाली तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी उकरू नका, फुंकर मारू नका, आधी भिजवा, तोंडाला नीट मास्क लावा.

ताणाबाणा
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलोय. गायब झालो म्हणून राग नसावा, हात काळे होते.

आधी व्हॅक्यूम ब्रेकर. पाच नवे बसवले, जुने चार तपासले, त्यातला एक चिकटलेला होता.

मग जाळ्या. आठ स्ट्रेनर उघडले. दोन स्वच्छ, बाकीच्यात गंजाची माती, वेल्डिंगचे खडे, आणि एकात विडीचं थोटूक. ते तिथं कसं गेलं यावर कारखान्यात अजून दोन मतप्रवाह आहेत.

३ आणि ५ चा ट्रॅप अदलाबदल केला. ३ च गार राहिला. रोटरी जॉइंट काढला तर सायफन नळीचं टोक तुटून सिलिंडरच्या तळाशी पडलेलं. इतकी वर्षं तो सिलिंडर पोटात पाणी घेऊन फिरत होता. नवी नळी बसवली. फिटर काढलेलं टोक हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे ह्याच्यात नवा टीडी टाकला असता तरी..." आणि पुढं बोलला नाही.

सगळे नऊ ट्रॅप बदलले नाहीत, तेवढे पैसे नव्हते. १, २ आणि ३ ला स्टीम लॉक रिलीजवाले फ्लोट टाकले, १ ला मोठ्या मापाचा. ९ चा जुना डबा उघडला तर आतला गोळा भोक पडून पाण्यानं भरलेला. नवा गोळा आणि सीट मिळाली, तो धावतोय. काढलेल्या टीडींपैकी दोन हेडरच्या ड्रेनला लावले, खवा_बर्फींच्या पद्धतीनं काचेवर घासून. ४ ते ८ अजून टीडीवरच आहेत, त्यांचे बायपास केसभर उघडे ठेवावे लागतात. पंचगंगाकाठ, तुमचा मान राखलाय. दिवाळीपर्यंत तेही बदलेन.

सकाळी हेडरचा ड्रेन उघडून पंधरा मिनिटं थांबतो. वॉचमन आता झोपतो.

ब्रिकेट किती कमी लागतात ते महिना पूर्ण झाल्यावरच सांगेन, पण ढीग लवकर संपत नाही हे डोळ्यांना दिसतंय.

आता नवा घोळ. पूर्वी ट्रॅपचं पाणी गटारीत जायचं. वाफारांनी निरोपात सांगितलं की फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला द्यायचं पाणी, सहा अंशांनी तापलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं, म्हणून ते सगळं पाणी बॉयलरच्या टाकीत घेतलं. तर आता फीड पंप पाणीच ओढेना. खडखड वाजतो, काटा नाचतो, आणि थंड पाणी मिसळलं की लगेच शहाणा होतो. पंप बिघडला का?

जुना_फिटर
पंप ठीक आहे. टाकी जमिनीवर आहे ना? नव्वद अंशाचं पाणी पंपानं ओढलं की ओढतानाच त्याची वाफ होते. टाकी वर चढव, बारा-पंधरा फूट, म्हणजे पाणी आपल्या वजनानं पंपात उतरेल. आणि सक्शनची नळी मोठी घे.

पंचगंगाकाठ
टाकी चढवायला क्रेन लागंल. माझ्या ओळखीचा हाय, सांगू काय? आणि भावा, त्ये फ्लोट ट्रॅप कुठनं घेटला त्येचा नंबर निरोपात टाक.